इल्या रेपिन : आदरणीयांचा चित्रकार

विद्यार्थी मित्रहो, व्यक्तिचित्रणाचा अभ्यास करताना एक प्रश्न वारंवार समोर येतो. ज्या व्यक्तीविषयी मनात नितांत आदर आहे, तिचे वैगुण्य चित्रकाराने दाखवावे की झाकावे? या प्रश्नाचा विचार करताना, शब्दांऐवजी रंगांतून व्यक्ती साकारणाऱ्या रशियन चित्रकार इल्या रेपिन यांचे चरित्र आपणांस उपयुक्त ठरेल.

रेपिन यांचा जन्म १८४४ मध्ये आजच्या युक्रेनमधील चुगुएव येथे झाला. बालपण हलाखीत गेले. गावातील मूर्तिचित्रकाराकडे, म्हणजे चर्चसाठी संतांची चित्रे रंगवणाऱ्या कारागिराकडे, त्यांनी हस्तकौशल्य मिळवले आणि पुढे सेंट पीटर्सबर्गच्या कला अकादमीत शिक्षण घेतले. व्होल्गा नदीकाठी दोरखंडाने नौका ओढणाऱ्या मजुरांचे त्यांचे चित्र १८७३ मध्ये पूर्ण झाले आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

त्या काळी मॉस्कोतील व्यापारी पावेल ट्रेत्याकोव हे रशियातील साहित्यिक, संगीतकार व विचारवंत यांच्या व्यक्तिचित्रांचा संग्रह करीत होते. रेपिन यांनी या संग्रहासाठी अनेक चित्रे रंगवली. अशा दालनात स्थान मिळणे हा राष्ट्राने केलेला गौरव आहे, अशी त्यांची धारणा होती. म्हणूनच प्रतिगामी संपादक कात्कोव यांचे चित्र तेथे लावण्याचा विचार पुढे आला, तेव्हा त्यांनी ट्रेत्याकोव यांना पत्र लिहून विरोध नोंदवला.

मग आदरणीय व्यक्तीचे चित्र ते कसे काढीत? १८८१ च्या मार्च महिन्यात त्यांचे स्नेही, संगीतकार मॉडेस्ट मुसोर्गस्की, सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी रुग्णालयात होते. मद्यपानाने त्यांचे शरीर पोखरले होते. रेपिन तेथे पोहोचले. चित्रफलक ठेवायला घोडी नव्हती; ते टेबलापाशीच बसले आणि चार बैठकांत चित्र पूर्ण केले. विस्कटलेले केस, लालसर नाक, सुजलेला चेहरा, अंगावर घरगुती झगा. यांपैकी काहीही त्यांनी झाकले नाही. परंतु त्या चेहऱ्यावरील निळसर डोळ्यांत प्रतिभेचे तेज शाबूत आहे. त्यानंतर काही दिवसांतच मुसोर्गस्की निवर्तले. ट्रेत्याकोव यांनी चित्र विकत घेतले. रेपिन यांनी मात्र ते मानधन स्वतःकडे न ठेवता मित्राच्या स्मारकासाठी दिले.

टॉलस्टॉय यांच्याशी रेपिन यांचा स्नेह १८८० पासून सुमारे तीस वर्षे टिकला. टॉलस्टॉय यांची सर्वच मते त्यांना मान्य नव्हती. तरीही हाती पुस्तक घेऊन बसलेले, शेत नांगरणारे, अनवाणी उभे असलेले टॉलस्टॉय त्यांनी पुनःपुन्हा रंगवले. मतभेद आदराच्या आड आले नाहीत.

उतारवयात उजवा हात दुबळा झाल्यावर रेपिन डाव्या हाताने रंगवू लागले. १९३० मध्ये कुओक्काला येथे त्यांचे निधन झाले. त्या गावाला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले.

मित्रहो, मुसोर्गस्की यांचा तो सुजलेला चेहरा रेपिन यांनी सतेज करून रंगवला असता, तर आपणांस एक देखणा अपरिचित माणूस मिळाला असता. मुसोर्गस्की हरवले असते. आदर म्हणजे उणेपण पुसणे नव्हे. उणेपणासह माणसाचे मोठेपण ओळखणे, हा खरा आदर होय.

स्वाध्याय : तुम्हांला आदरणीय वाटणाऱ्या एका व्यक्तीचे शब्दचित्र लिहा. तिची एक उणीव न लपवता, तिचे मोठेपण वाचकाला कसे जाणवेल याचा विचार करा.