शल्यवैद्य अबुल कासिम जहरावी (रह.)

स्पेनमधील कुर्तुबा शहराजवळच्या मदीनतुज्जहरा या राजनगरीत इ.स. ९३६ च्या सुमारास अबुल कासिम खलफ बिन अब्बास जहरावी यांचा जन्म झाला. त्यांचा वंश मदीनेच्या अन्सारांशी जोडला जातो. सुमारे ५० वर्षांच्या रुग्णसेवेचे सार त्यांनी ‘अत्-तस्रीफ’ या ३० खंडांच्या ग्रंथात उतरविले. शेवटचा खंड शस्त्रक्रियेचा असून त्यात डाग देणे, छेद घेणे आणि हाडे बसविणे असे तीन भाग आहेत. सुमारे २०० उपकरणांच्या आकृत्याही त्यात आहेत.

खुब्याच्या दुखण्याचा विचार त्यांनी दोन ठिकाणी केला. मांडीचे हाड खोबणीतून निखळले असल्यास ते आत, बाहेर, पुढे की मागे सरकले, हे आधी ओळखावे. त्यासाठी दुखरा पाय निरोगी पायाशी ताडून लांबी पाहावी, अशी त्यांची रीत होती. इर्कुन्नसा, म्हणजे खुब्यातून पायात उतरणारी कळ, हिच्यावर त्यांनी प्रथम औषधे सांगितली. त्यांचा गुण न आल्यासच डाग. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मध, हिजामा आणि डाग यांत शिफा असल्याचे सांगितले, तरी डागणे पसंत केले नाही. जहरावींचा हा क्रम त्या शिकवणीशी सुसंगत आहे.

शरीररचना न शिकता हाती शस्त्र घेणाऱ्यांविषयी ते कठोर होते. अशांच्या हातून प्राणास मुकलेल्या रुग्णांच्या हकिकती त्यांनी नोंदविल्या. वैद्यकाचे ज्ञान नसता उपचार करणारा झालेल्या हानीस जबाबदार ठरतो, हा हदीसचा दंडक येथे आठवतो.

आपल्या मावळात भातलावणीला दिवसभर वाकणारे हात-पाय आणि लोणावळ्याचे चढ-उतार चढणारी वृद्ध मंडळी हे दुखणे जाणतात. वडीलधारे माणूस ओल्या अंगणात घसरले की पाय ओढून किंवा चोळून घेण्याची घाई होते. हाड मोडले असेल तर त्या ओढाताणीने हानी वाढते. खुब्याचे दुखणे कधी जांघेत, कधी गुडघ्यात जाणवते. म्हणून वैद्यकीय तपासणी, एक्स-रे आणि गरजेनुसार एमआरआय करून कारण ठरवावे लागते. त्यानंतर व्यायाम, औषध, इंजेक्शन किंवा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया यांतील योग्य ते निवडता येते. तोवर उभे राहणे अशक्य असल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर नमाज अदा करण्याची सवलत शरिअतने दिलीच आहे. दुखणे सोसत राहणे ही तिची अट नाही.

जहरावींचे निधन इ.स. १०१३ च्या सुमारास झाले. त्याच काळातील यादवीत त्यांची नगरी उद्ध्वस्त झाली. पण त्यांचा शस्त्रक्रियेचा खंड १२ व्या शतकात तुलैतुला येथे लॅटिनमध्ये उतरला आणि युरोपात शतकानुशतके अभ्यासला गेला. संगमरवरी महाल गेले. लोकांच्या उपयोगी पडणारे इल्म मात्र टिकले. मनुष्याच्या मृत्यूनंतरही ज्याचे पुण्य चालू राहते, ते हेच.