वाल्डेमार हाफकिन
वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन (१५ मार्च १८६० – २६ ऑक्टोबर १९३०) हे पटकी (कॉलरा) आणि प्लेग या दोन रोगांवरील लसी तयार करणारे जीवाणुशास्त्रज्ञ होते. त्यांनी प्लेगची लस मुंबईत तयार केली. परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पूर्वायुष्य

हाफकिन यांचा जन्म रशियन साम्राज्यातील ओडेसा (आता युक्रेन) येथे एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात ते इल्या मेचनिकॉव्ह यांचे विद्यार्थी होते. शरीरातील भक्षक पेशी जंतूंना गिळून टाकतात, हे मेचनिकॉव्ह यांनी दाखवून दिले होते. ज्यूंवरील हल्ल्यांच्या वेळी स्वसंरक्षण गटात सहभागी झाल्यामुळे हाफकिन यांना अटक झाली. मेचनिकॉव्ह यांच्या मध्यस्थीने त्यांची सुटका झाली. पुढे धर्मांतर केल्यास प्राध्यापकी मिळू शकत होती, परंतु त्यांनी ते नाकारले. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. जिनिव्हा येथे काही काळ अध्यापन केल्यानंतर ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत रुजू झाले. तेथे सुरुवातीला त्यांना ग्रंथपालाचे काम मिळाले.

पटकीची लस

१८९२ मध्ये त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८ जुलै रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले. कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये आणि उत्तर भारतात त्यांनी हजारो लोकांचे लसीकरण केले. हिवतापाने प्रकृती ढासळल्यामुळे १८९५ मध्ये ते इंग्लंडला गेले, मात्र पुढील वर्षी परत आले.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. सरकारने हाफकिन यांना मुंबईला पाठवले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील तात्पुरत्या प्रयोगशाळेत त्यांनी काम सुरू केले. प्लेगचे जंतू ते मांसरसात वाढवीत. त्या रसावर तुपाचे थेंब सोडले असता जंतूंचे झुबके तुपाला लोंबकळत वाढत. ते हलवून खाली पाडले की पुन्हा नवे वाढत. अशा रीतीने भरपूर जंतू मिळवून ते उष्णतेने मारले जात आणि मृत जंतूंची लस बनवली जाई. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळा तुरुंगातील स्वेच्छेने तयार झालेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. लस घेतलेल्यांमध्ये रोगाचे व मृत्यूचे प्रमाण कमी आढळले.

त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. घरझडतीसारख्या सक्तीच्या उपायांविरुद्ध असंतोष वाढला आणि चापेकर बंधूंनी रँडचा वध केला. अशा अविश्वासाच्या काळात लसीचा स्वीकार होणे सोपे नव्हते. खोजा समाजाचे प्रमुख आगाखान यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात हलवण्यात आली.

मुलकोवाल प्रकरण

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. मुंबईच्या प्रयोगशाळेत लसीमध्ये कार्बोलिक आम्ल घालणे बंद केले होते, म्हणून दोष तेथेच असल्याचा निष्कर्ष चौकशीत काढला गेला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. पुढे असे दिसून आले की, बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो योग्य रीतीने निर्जंतुक न करताच वापरण्यात आला होता. त्या दिवशी इतर बाटल्यांमधील लसीने कोणालाही धनुर्वात झाला नव्हता. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली आणि ते दोषमुक्त झाले. त्यानंतर ते कलकत्त्याला परतले, परंतु त्यांना पूर्वीचे अधिकारपद मिळाले नाही.

लसीमागील शास्त्र

हाफकिन यांच्या काळात प्रतिक्षमतेची यंत्रणा पूर्णपणे उलगडली नव्हती. टी पेशींचे कार्य १९६० च्या दशकात स्पष्ट झाले. टी पेशी अखंड जंतू ओळखत नाहीत. इतर पेशी जंतूंच्या प्रथिनांचे तुकडे करून ते आपल्या पृष्ठभागावर मांडतात आणि टी पेशी ते तुकडे ओळखतात. घरातील धुळीतील सूक्ष्म कोळींची (माइट) प्रथिनेही याच मार्गाने ओळखली जातात. परंतु ती निरुपद्रवी असूनही काही व्यक्तींमध्ये त्यांच्याविरुद्ध प्रतिसाद उमटतो व अॅलर्जी होते. हाफकिन यांची मृत जंतूंची लस मुख्यतः प्रतिपिंडे निर्माण करीत असे. गाठीच्या प्लेगपासून ती काही प्रमाणात संरक्षण देई, मात्र फुप्फुसाच्या प्लेगविरुद्ध ती प्रभावी नव्हती.

अखेरचा काळ आणि वारसा

निवृत्तीनंतर हाफकिन युरोपात राहिले. लोझान (स्वित्झर्लंड) येथे त्यांचे निधन झाले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये त्यांच्या सन्मानार्थ तिकीट काढले.

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात आधी उंदीर मरू लागले आणि नंतर गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. पुढील महिन्यात सुरत येथे फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. तोपर्यंत प्लेगवर प्रतिजैविके उपलब्ध झाली होती. १८९६ मध्ये मात्र असे कोणतेही औषध हाताशी नव्हते.