हार्वेला हरणीच्या पोटात काहीच दिसलं नाही!

विल्यम हार्वे म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? बायोलॉजीचं पुस्तक, हृदयाचा पंप आणि रक्ताभिसरण. बरोबर. रक्ताभिसरणावरचं त्याचं पुस्तक १६२८ सालचं. पण याच माणसाने कित्येक वर्षं दुसऱ्याच एका प्रश्नाचा पिच्छा पुरवला आणि त्यात तो चक्क अडकला. प्रश्न असा, की गर्भ राहतो तेव्हा पोटात नेमकं घडतं काय?

हार्वेचा जन्म १५७८ चा, इंग्लंडमधल्या फोकस्टनचा. डॉक्टरकी शिकला इटलीत, पादुआला. पुढे तो राजा पहिला चार्ल्स याचा वैद्य झाला. राजाला शिकारीचं भारी वेड, म्हणजे हार्वेला आयती संधी! सप्टेंबरात हरणांचा माजाचा काळ आला की मारलेल्या माद्यांची गर्भाशयं तो उघडून बघायचा. अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेली समजूत अशी, की नराचं वीर्य आणि मादीचं रक्त यातून गर्भाशयात गर्भ आकार घेतो. मग काहीतरी दिसायला हवं ना? दिसलं शून्य. नोव्हेंबर येईपर्यंत गर्भाशय रिकामंच!

शिकारखान्यातल्या लोकांना हे काही पटेना. माद्या अजून फळल्याच नसतील, असं त्यांचं म्हणणं. मग राजाच्या हुकमाने हॅम्प्टन कोर्टजवळ डझनभर माद्या नरांपासून वेगळ्या ठेवल्या. त्यातल्या काही उघडल्या, तर रिकाम्या. उरलेल्यांनी मात्र वेळेवर पाडसं दिली. म्हणजे माद्या गाभण होत्याच, फक्त खूण दिसत नव्हती.

कशी दिसणार? सुरुवातीचा गर्भ इतका बारीक, की हार्वेच्या साध्या भिंगाच्या तो आवाक्याबाहेर होता. शिवाय अंडाशयांचा यात काही संबंध नाही, असं ठरवून त्याने ती बाजूलाच ठेवली. हीच त्याची मोठी चूक.

१६४२ मध्ये यादवी पेटली. व्हाइटहॉलमधली त्याची राहती जागा लुटली गेली, कीटकांच्या उत्पत्तीवरच्या नोंदी कायमच्या गेल्या. तरी सत्तरी ओलांडल्यावर, १६५१ मध्ये, प्राण्यांच्या उत्पत्तीवरचं त्याचं पुस्तक आलं. गर्भाशय रिकामं दिसलं हे त्याने त्यात सरळ लिहून टाकलं. सगळे प्राणी अंड्यातूनच येतात, असंही मांडलं. सस्तन प्राण्याचं अंडं त्याने कधी पाहिलं नव्हतं तरी! १६५७ मध्ये तो गेला.

ते अंडं दिसलं १८२७ मध्ये, कार्ल फॉन बेअरला, कुत्रीच्या अंडाशयात. आणि गरोदरपणाची अगदी सुरुवातीची खूण १९२० च्या दशकाअखेर बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांनी पकडली. तीही गर्भाशयात नाही, लघवीतल्या हार्मोनमध्ये. आज मेडिकलमध्ये मिळणारं प्रेग्नन्सी किट तोच हार्मोन शोधतं.

प्रॅक्टिकलला अपेक्षित रीडिंग आलं नाही की शेजारच्याच्या जर्नलमधून उतरवायचा मोह तुम्हालाही होत असेल. तेव्हा हार्वे आठवा. त्याने रिकामं ते रिकामंच लिहिलं, म्हणून तर जुन्या समजुतीवर प्रश्नचिन्ह लागलं.