रेडिओवर गाणं गाजलं नाही, तरी जेरी गार्सियाचे शो हाऊसफुल्ल का जायचे?

गाणं रेडिओवर गाजलं तरच बँड चालतो, असं म्हणतात. जेरी गार्सियाने २२ वर्षं हे खोटं ठरवलं.

जन्म १९४२ चा, सॅन फ्रान्सिस्कोतला. चार वर्षांचा असताना कुऱ्हाड लागून त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट तुटलं. तरी तो गिटार शिकला आणि १९६५ मध्ये मित्रांसोबत बँड काढला. तोच पुढे 'ग्रेटफुल डेड' झाला.

यांचं एकेक गाणं स्टेजवर वीस-वीस मिनिटं चालायचं. रेडिओवाले ते वाजवणार कसे? मग बँड दौरे करत राहिला. प्रत्येक शोला गाणी वेगळी, त्यामुळे चाहते एका शहरातून दुसऱ्या शहरात मागे जायचे. शो रेकॉर्ड करायलाही मुभा होती. १९८४ पासून तर त्यासाठी वेगळी जागाच ठेवली. त्या कॅसेट हातोहात फिरल्या. रेडिओचं काम त्यांनीच केलं.

१९८७ मध्ये 'टच ऑफ ग्रे' अमेरिकेच्या टॉप टेनमध्ये गेलं. बँडचं असं हे एकमेव गाणं. पण त्यानंतर गर्दी आवरेना. जुलै १९९५ मध्ये इंडियानात बिनतिकीट लोक कुंपण तोडून घुसले, दुसऱ्या दिवशीचा शो रद्द झाला.

पुढच्याच महिन्यात, ९ ऑगस्टला, जेरी हार्ट अटॅकने गेला. हिट गाणं एकच, पण मागे शोच्या हजारो कॅसेट राहिल्या. त्या आजही ऐकल्या जातात.