मांडीच्या हाडातली क्रेन

सेकंड इयरला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये प्रिन्सिपल स्ट्रेस आला की हॉस्टेलच्या निम्म्या पोरांच्या पोटात गोळा येतो. पण हाच प्रिन्सिपल स्ट्रेस आपल्या प्रत्येकाच्या मांडीच्या हाडात आखलेला आहे असं सांगितलं तर? हे जगाला पटवण्यात ज्यानं उभं आयुष्य घालवलं, तो इंजिनिअर नव्हता, सर्जन होता. मेडिकलची पोरं वोल्फचा नियम म्हणून त्याचं नाव घोकतात. माझ्या मते तो आपल्याही सिलॅबसमध्ये हवा.

ज्युलियस वोल्फ १८३६ साली प्रशियातल्या एका लहानशा गावी, ज्यू कुटुंबात जन्मला. शिक्षण बर्लिनला, लांगेनबेक या नामांकित सर्जनच्या हाताखाली. डॉक्टरेटसाठी त्यानं प्राण्यांच्या हाडांवर प्रयोग केले आणि तेव्हापासून हाड काही त्याच्या डोक्यातून गेलं नाही. बर्लिनमध्येच प्रॅक्टिस, मध्येच युद्धं आली की लष्करात सर्जन. बाकीचा वेळ हाडांचा.

आता जरा झुरिचला जाऊ. तिथे पॉलिटेक्निकमध्ये कार्ल कुलमान नावाचे प्रोफेसर होते. ग्राफिक स्टॅटिक्सचे जनकच म्हणा ना! आयफेल टॉवरचा पहिला आराखडा काढणारा मॉरिस केक्लँ हा त्यांचाच विद्यार्थी. १८६६ मध्ये तिथल्या विज्ञान मंडळात हेर्मान फॉन मायर या शरीररचनाशास्त्रज्ञानं हाडांचे उभे काप दाखवले. मांडीच्या हाडाचं वरचं टोक आतून भरीव नसतं, त्यात बारीक बारीक पट्ट्यांची जाळी असते. कुलमान सरांनी ती पाहिली आणि ओळखलं, की या तर स्ट्रेसच्या रेषा! त्यांनी आपल्या पोरांना मांडीच्या हाडासारख्या वाकड्या क्रेनच्या स्ट्रेस रेषा काढायला बसवलं. ड्रॉइंग आणि हाड बरंचसं जुळलं. (असलं सबमिशन आपल्याला मिळालं असतं तर कोण कंटाळलं असतं?)

वोल्फनं हे उचलून धरलं. १८७० मध्ये त्यानं मोठा लेख लिहिला. मग बावीस वर्षं तो हाडांचे पातळ काप काढत बसला, कारण एक्स-रे यायचे होते १८९५ मध्ये. नुसती निरोगी हाडं नव्हे, वाकडी जुळलेली, मोडलेली, आजारानं बिघडलेली हाडंसुद्धा त्यानं कापून पाहिली. त्यात त्याला दिसलं ते असं : हाड वाकडं जुळलं की भाराची दिशा बदलते आणि आतली जाळी नव्या दिशेनं पुन्हा बांधली जाते. १८९२ मध्ये यावर त्याचं जाडजूड पुस्तक निघालं. त्याचं इंग्रजी भाषांतर व्हायला मात्र १९८६ साल उजाडलं.

हा नियम त्याच्यासाठी नुसता कागदावरचा नव्हता. भार बदलला की हाड बदलतं, तर मग वाकडं पाऊल घेऊन जन्मलेल्या मुलाचं हाड कापायचं कशाला? पाऊल टप्प्याटप्प्यानं सरळ करत प्लास्टर घालायचं, मुलाला चालू द्यायचं, बाकीचं काम हाड करील. बर्लिनच्या आपल्या ऑर्थोपेडिक क्लिनिकमध्ये त्यानं असे उपचार केले.

पण गंमत पुढेच आहे. हाड स्वतःला बदलतं हे ओरडून सांगणाऱ्या या माणसाला ते कसं बदलतं हे मात्र चुकीचं कळलं होतं! लहान मुलाच्या आणि मोठ्या माणसाच्या हाडातली जाळी सारखीच दिसते. त्यावरून त्यानं ठरवलं, की हाड भिजवलेल्या कणकेसारखं आतून फुगत वाढतं. १८७३ मध्ये कोलिकर यांनी हाड खाणाऱ्या, अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशींचं वर्णन केलं. वोल्फ मात्र आपलं मत सोडायला तयार नव्हता. विल्हेल्म रू यांनी १८८१ मध्ये मांडलं, की भाराची जाणीव त्या त्या जागच्या पेशींनाच होते आणि त्याच तिथल्या तिथे दुरुस्ती करतात. मला विचाराल तर खरा नियम रूचा आहे, नाव मात्र वोल्फचं लागलं.

आज चित्र बरंच स्पष्ट आहे. ऑस्टिओक्लास्ट ही तोडणारी टोळी. आम्ल आणि एन्झाइम सोडून ती दोन-तीन आठवड्यांत जुनं हाड खोदून काढते. मग ऑस्टिओब्लास्ट हे गवंडी येतात आणि तो खड्डा भरायला तीन-चार महिने घेतात. (पाडायला वेळ लागत नाही, बांधायला लागतो, हे सिव्हिलवाल्यांना सांगायला नको.) त्यातले काही गवंडी आपल्याच बांधकामात गाडले जातात. त्यांना ऑस्टिओसाइट म्हणतात. हाडातल्या ९० टक्क्यांहून जास्त पेशी याच. एकमेकींना बारीक नळ्यांनी जोडलेल्या. हाडावर भार आला की नळ्यांतलं द्रव हलतं आणि त्यांना ते कळतं. कुठे तोडायचं, कुठे बांधायचं याचे सिग्नल मुख्यतः त्याच सोडतात. म्हणजे स्ट्रेन गेज आत आधीच बसवलेले! मोठ्या माणसाचा साधारण १० टक्के सांगाडा दरवर्षी असा नवा होतो. भारच नसेल तर तोडणं चालू राहतं आणि बांधणं मागे पडतं. अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड म्हणूनच महिन्याला एक-दीड टक्क्यानं घटू शकतं.

क्रेनचं गणितही पुढे तपासलं गेलं. कुलमान सरांची क्रेन सलग मटेरियलची, हाड सच्छिद्र. जाळीच्या पट्ट्या एकमेकींना काटकोनातच छेदतात हा वोल्फचा हट्ट होता, प्रत्यक्षात त्या नेहमी तशा छेदत नाहीत. आणि गणिती नियम म्हणवणाऱ्या त्या नियमात समीकरण एकही नाही!

वोल्फ १९०२ मध्ये बर्लिनला वारला. त्याच्या नियमाची गाठ आता मेकॅनिकलवाल्यांशी पडते. खुब्यात बसवायच्या कृत्रिम सांध्याचा दांडा कोबाल्ट-क्रोमचा केला तर त्याचा यंग्ज मॉड्युलस २०० गिगापास्कलच्याही वर, टायटॅनियमचा साधारण ११०, आणि बाहेरच्या कठीण हाडाचा २० च्या आसपास. ताठ दांडा बराचसा भार स्वतःवर घेतो, शेजारच्या हाडाला फारसं कामच उरत नाही आणि तोडणाऱ्या पेशी ते बारीक करत नेतात. याला स्ट्रेस शिल्डिंग म्हणतात. पोकळ, सच्छिद्र, कमी ताठ दांडे बनवण्याची खटपट चालते ती यासाठीच.