डॉ. अनिता अवचट : व्यसनी माणसाच्या घरालाही सावरणारी डॉक्टर



आपल्या वाघोलीहून नगर रस्त्याने पुण्याकडे निघालो की खराडी, चंदननगर मागे टाकून आपण येरवड्याला पोहोचतो. येरवडा म्हटले की तुरुंग आठवतो, नाही तर मनोरुग्णालय. त्याच मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. ते उभे करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांच्या जीवनाची ओळख आज आपण करून घेऊ या. दारूने किंवा इतर व्यसनाने पोखरलेली घरे कोणत्याही धर्मग्रामात असतात. अशा घरांना त्यांच्या कामातून पुष्कळ काही घेता येईल.

जवळची माणसे त्यांना सुनंदा म्हणत. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकताना त्यांची अनिल अवचट यांच्याशी ओळख झाली व पुढे दोघांचा विवाह झाला. अनिलही डॉक्टर झाले, परंतु त्यांचा ओढा लेखनाकडे व समाजकार्याकडे होता. त्यांनी आपल्या मनाचे काम करावे, संसाराचा भार आपण उचलू, असे अनिताबाईंनी ठरवले आणि ते शेवटपर्यंत पाळले. घर साधे होते. मुली महापालिकेच्या शाळेत शिकल्या. अनिताबाई मानसोपचाराच्या डॉक्टर म्हणून येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करत होत्या.

१९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर, म्हणजेच ‘गर्द’, पसरू लागले. चांगल्या घरातली तरुण मुले बघता बघता त्यात अडकली. गर्द थांबले की अंग पिळवटून निघे. ही मुले त्या त्रासाला ‘टर्की’ म्हणत. आईवडिलांना काय करावे, कोणाकडे जावे, काही कळत नव्हते. अनिल अवचट यांनी या विषयावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अस्वस्थ झाले. त्यांनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे एक लाख रुपये देऊ केले. जागा मनोरुग्णालयाच्या आवारात मिळाली. उपचारांची जबाबदारी अनिताबाईंनी घेतली आणि केंद्राचे उद्घाटन पु. लं.च्याच हस्ते झाले.

व्यसनी माणूस वाईट नसून आजारी आहे, ही गोष्ट अनिताबाईंनी सर्व कामाच्या मुळाशी ठेवली. आजारी माणसाला मारत नाहीत, त्याचा अपमान करत नाहीत. मुक्तांगणात आधी औषधांनी शरीराचा त्रास कमी करायचा, मग मनावर काम करायचे, अशी पद्धत बसली. समुपदेशन, गटात मोकळेपणाने बोलणे, व्यायाम, हाताने काही करणे असा दिवसाचा क्रम ठरला. उपचार साधारण पाच आठवड्यांचे असत. बरे झालेल्या मित्रांनाच त्यांनी कार्यकर्ते केले, कारण त्या वाटेने गेलेल्याचे बोलणे नव्या रुग्णाला लवकर पटते. कोणी बरा होऊन पुन्हा घसरला, तर दार बंद होत नसे.

रुग्णाबरोबर घरच्यांनाही उपचार हवेत, हे या कामात आवर्जून पाहिले गेले. वर्षानुवर्षे भीतीत राहिलेली बायको, कर्ज फेडून थकलेला बाप, चोरून पैसे देणारी आई, यांचेही मन आजारी झालेले असते. म्हणून मुक्तांगणात घरच्यांसाठी सभा सुरू झाल्या आणि रुग्णांच्या पत्नींचा ‘सहचरी’ हा गट उभा राहिला.

पुढे अनिताबाईंना कर्करोगाने गाठले. त्या आजारातही त्यांनी रुग्णांकडे पाठ फिरवली नाही. १९९७ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम पुढे नेले. अनिल अवचट २०२२ साली गेले. मुक्तांगण आज येरवड्यातच, आळंदी रस्त्याजवळ मोहनवाडीत, स्वतःच्या इमारतीत आहे.

बंधु-भगिनींनो, या जीवनातून आपल्या घरासाठी काय घ्यावे?

पहिली गोष्ट, लपवू नये. लोक काय म्हणतील या भीतीने आपण आजार वर्षानुवर्षे झाकतो. कधी नोव्हेना करतो, कधी अल्तारासमोर शपथ घ्यायला लावतो. प्रार्थना हवीच, पण क्षयरोग झाला तर आपण प्रार्थनेबरोबर औषधही घेतो. येथेही तसेच करावे.

दुसरी गोष्ट, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नये. हात थरथरणे, फिट येणे, भ्रम होणे असे घडू शकते आणि जीवावरही बेतते. डॉक्टरांची देखरेख हवी. तसेच, जेवणात गुपचूप मिसळायची औषधे आणू नयेत. त्यांतील काही औषधांवर दारू पोटात गेली तर माणूस दगावू शकतो, आणि त्याचा आपल्यावरचा विश्वास तर नक्कीच जातो.

तिसरी गोष्ट, केंद्र निवडताना आधी स्वतः जाऊन पाहावे आणि विचारावे. डॉक्टर व मानसोपचारतज्ज्ञ आहेत का? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे नोंदणी आहे का? रुग्णाला भेटता येते का? घरच्यांसाठी सभा असतात का? घरी परतल्यावर पुढे कोण विचारपूस करणार? जेथे मारहाण चालते, भेटू देत नाहीत, किंवा हमखास बरे करू असे सांगून मोठी रक्कम आगाऊ मागतात, तेथून परत फिरावे. कोठून सुरुवात करावी हे कळत नसेल, तर १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे. ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’च्या सभा मद्यपींसाठी, तर ‘अल-अनॉन’च्या सभा त्यांच्या घरच्यांसाठी असतात. तेथे कोणी पैसे मागत नाही आणि नावही बाहेर जात नाही.

आणि चौथी, तो तयार नसला तरी आपण थांबू नये. घरच्यांनी आधी स्वतः समुपदेशकाकडे जावे. आपण त्याचे कर्ज फेडणे, त्याच्यासाठी कामावर खोटे कारण सांगणे बंद केले, की पुष्कळदा त्यालाही उपचारांची गरज कळू लागते. तो मारझोड करत असेल, तर आधी स्वतःला व मुलांना सुरक्षित ठिकाणी न्यावे. यात पाप नाही.

चांगल्या शोमरोन्याने जखमीला उतारशाळेत पोहोचवले, खर्चाची सोय केली, आणि परतताना पुन्हा येईन असे सांगून तो गेला. व्यसनी माणसालाही एकदा पोहोचवून भागत नाही, त्याच्याकडे पुन्हा जावे लागते. अनिताबाईंनी हेच केले.

या रविवारी मिस्सेनंतर आपल्या शेजारच्या बाकावरची एखादी भगिनी गप्प गप्प दिसली, तर तिला काही न विचारता तिच्याशी दोन शब्द बोलू या. पुढे तिने मन मोकळे केले, तर ते आपल्यापाशीच ठेवू या आणि केंद्र पाहायला जाताना तिच्याबरोबर जाऊ या.