बर्नहार्ड श्मिट : एका हाताचा आरसे-कारागीर

जर्मन भाषेतला ‘श्पीगेलझिस्टेम’ हा शब्द जिभेला जड वाटतो, पण अर्थ साधा आहे : मुख्यतः आरशावर चालणारी प्रकाशयंत्रणा. बर्नहार्ड श्मिट यांनी १९३१ साली आपल्या नव्या दुर्बिणीची माहिती याच नावाने छापली. वैज्ञानिकांच्या ओळखी करून देताना आपण बहुधा प्राध्यापकांची नावे घेतो. श्मिट प्राध्यापक नव्हते, कारागीर होते.

त्यांचा जन्म ३० मार्च १८७९ रोजी टॅलिनजवळच्या नायस्सार बेटावर झाला. एस्टोनिया तेव्हा रशियन साम्राज्यात होता. पंधराव्या वर्षी बंदुकीच्या दारूशी खटपट करताना स्फोट झाला आणि उजवा हात गेला. पुढे ते जर्मनीत मिटवाइडा गावी शिकायला आले आणि तिथेच दुर्बिणींचे आरसे घासू लागले. काचेवर काच, तासन्‌तास, एका हाताने! पॉट्सडॅमच्या वेधशाळेनेही त्यांचा आरसा घेतला. मग महायुद्ध आले. रशियन प्रजाजन म्हणून त्यांना काही काळ स्थानबद्ध केले गेले, आणि युद्धानंतरच्या महागाईत धंदा बसला. शेवटी हॅम्बुर्गच्या बेर्गेडोर्फ वेधशाळेचे संचालक रिचर्ड शोर यांनी त्यांना काम करायला जागा दिली. नोकरीच्या बंधनात मात्र श्मिट अडकले नाहीत.

त्या काळच्या दुर्बिणींची अडचण अशी, की मोठ्या आरशात मधले तारे रेखीव दिसत. कडेच्या ताऱ्यांना धूमकेतूसारखी शेपटी फुटे. म्हणून एका छायाचित्रात आकाशाचा अगदी लहान तुकडाच मावे. श्मिट यांनी साधा गोलीय आरसा घेतला आणि त्याच्या वक्रतेच्या केंद्रापाशी पातळ काच बसवली. त्या काचेचा किंचित नागमोडी आकार आरशाचा दोष भरून काढतो. असा आकार घासायचा कसा? त्यांनी काचेखालची हवा काढून ती थोडी वाकवली, त्याच स्थितीत घासली आणि मग हवा आत सोडली. काच पूर्ववत होताना हवा तो आकार आपोआप आला. आम्हाला तरी त्यांच्या साऱ्या कामात ही युक्ती सर्वांत देखणी वाटते. १९३० साली ३६ सेंटिमीटर मुखाचा पहिला कॅमेरा तयार झाला.

१ डिसेंबर १९३५ रोजी, ५६ व्या वर्षी, ते हॅम्बुर्गमध्ये वारले. त्यांचे सहकारी वाल्टर बाडे तोवर अमेरिकेत गेले होते आणि या कॅमेऱ्याची माहिती तिकडे पोचली होती. पुढच्याच वर्षी पॅलोमार पर्वतावर पहिला श्मिट कॅमेरा उभा राहिला, १९४८ मध्ये १२२ सेंटिमीटरचा दुसरा. दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधायला २००९ मध्ये अवकाशात गेलेली केप्लर दुर्बीणही श्मिट यांच्याच रचनेची होती.